संत्र्याच्या बागेतील मित्रकीटक आणि पाठीवरचा पंप

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा, आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे, एखाद्या ऐतिहासिक विषयावर लिहू अशीच त्यांची अपेक्षा असणार. ती आम्ही पूर्णपणे मोडणार नाही. परंतु गेली काही वर्षे ज्या विषयाने आमचे मन व्यापले आहे त्याचा संबंध राजवंशांशी वा लढायांशी नाही. तो आपल्या वसतिगृहामागे उभ्या असलेल्या साठ संत्र्याच्या झाडांशी आहे. माजी विद्यार्थ्यांना ती झाडे निश्चित आठवत असतील. दुपारच्या सुट्टीत त्यांच्या सावलीत पाठांतर केलेले, आणि पाठांतराच्या निमित्ताने फळे चोरलेले, कितीतरी जण आज नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत.

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात या झाडांची पाने काळवंडली. कोणी चुलीच्या धुरावर पाने धरावीत तशी वरची बाजू काजळली, आणि आंबिया बहराची हिरवी फळेही मळकट दिसू लागली. गावातील जाणत्यांनी एका नजरेत निदान केले, 'कोळशी आली. औषध मारा.' कृषी केंद्रातून डबा आणला गेला. आपल्याच शाळेत आठवीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील रोजाने फवारणीची कामे करीत, त्यांना बोलावले. त्यांनी दोन दिवस पाठीवर पंप घेऊन साठही झाडे धुऊन काढली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ग्रामीण रुग्णालयात दोन रात्री काढाव्या लागल्या. ते वाचले. औषधाच्या आणि मजुरीच्या व्हाउचरवर सही आमची होती.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा कोठीतला रिकामा डबा घेऊन आमच्याकडे आला. डब्यावरील लाल त्रिकोणावर बोट ठेवून त्याने विचारले, ''सर, हे तुम्ही वाचलं नव्हतं का?'' वाचले नव्हते. ज्यांना आयुष्यभर आम्ही 'वाचा, वाचा' असे सांगत आलो, त्यांच्यापुढे हे कबूल करणे सोपे नव्हते. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम कोळशी म्हणजे काय ते पाहू. पानावर दिसणारा काळा थर ही मूळ कीड नव्हे. ती एक बुरशी आहे, आणि तिचे कारण पानाच्या खालच्या बाजूस असते. काळी माशी नावाचा, मुंगीहूनही लहान कीटक कोवळ्या पानाच्या पाठीवर चक्राकार ओळीत अंडी घालतो. अंड्यांतून निघालेली पिल्ले थोडी सरकतात आणि मग एका जागी सोंड रोवून चिकटतात. पुढे त्यांचे अंग काळ्या, चकचकीत, काटेरी टिकलीसारखे होते. ती रस शोषतात आणि अंगातून गोड चिकट द्रव टाकतात. तो खालच्या पानांवर ठिबकतो, आणि त्यावर काळी बुरशी वाढते. बुरशीमुळे पानाला ऊन मिळत नाही. झाड उपाशी राहते, फुले कमी येतात, फळे बारीक राहतात आणि बाजारात काळी दिसतात. नागपूर, अमरावती, वरुड, मोर्शी या पट्ट्यात ज्यांची बाग आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादहून संत्र्याची झाडे नागपुरास आणली असे सांगितले जाते. ते खरे मानले तर हे फळ आपल्याकडे दोन शतकांहून जुने आहे. काळी माशी तर मुळातच आपल्या आशिया खंडातली. प्रश्न असा पडतो की दोघांचा सहवास एवढा जुना असताना, ही झाडे त्या माशीने केव्हाच संपवली कशी नाहीत? फवारणीचा पंप तर आपल्या गावात आमच्या लहानपणी आला.

या प्रश्नाने आम्हांस आमच्या विषयाकडे परत आणले. आम्ही जुने कागद चाळू लागलो आणि संत्र्याच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट हाती लागली. ती सुरू होते अमेरिकेतील कॅलिफोर्नियात.

१८६८ च्या सुमारास तेथे ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभळीच्या जातीच्या झाडांबरोबर एक पांढरी, कापसासारखी दिसणारी खवलेकीड शिरली. वीस वर्षांत तिने दक्षिण कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागा पांढऱ्या केल्या. बागवानांनी धुऱ्या दिल्या, साबणपाणी मारले, शेवटी झाडे उपटून जाळली. अमेरिकी सरकारचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी साधा विचार केला : ही कीड तिच्या मायभूमीत एवढी माजत नाही, म्हणजे तेथे तिला कोणीतरी खात असले पाहिजे. १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले ऑस्ट्रेलियात गेले आणि त्यांना त्या खवलेकिडीवर जगणारा एक लाल-काळा ढालकिडा सापडला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर पहिले २८ ढालकिडे जहाजाने लॉस एंजेलिसला पोहोचले. पुढच्या दोन खेपा धरून एकूण १२९. एका संत्र्याच्या झाडाभोवती कापडी तंबू ताणून ते आत सोडले गेले. त्यांनी झाड स्वच्छ केले, पिल्ले वाढली, तंबूची एक बाजू उघडली. १८८९ च्या जूनपर्यंत दहा हजारांहून अधिक ढालकिडे बागवानांत वाटले गेले, आणि वर्ष-दीड वर्षात ती कीड जवळजवळ नाहीशी झाली. पुढे हीच खवलेकीड १९२८ च्या सुमारास आपल्या निलगिरीत आली, तेव्हा हाच ढालकिडा भारतात आणावा लागला.

गोष्ट येथे संपली असती तर ती केवळ चमत्काराची कथा ठरली असती. तिचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला. त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे महायुद्ध संपताच डीडीटी कॅलिफोर्नियाच्या बागांत पोहोचले. ज्या बागांत इतर किडींसाठी ते फवारले गेले तेथे अर्धशतकापूर्वी संपलेली पांढरी खवलेकीड पुन्हा उसळली. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही : ढालकिडे मेले होते. ज्या बागवानांच्या आजोबांना ते फुकट मिळाले होते, त्यांनी आता पैसे मोजून ते पुन्हा आणले. रेचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या तीन वर्षे आधीच, १९५९ मध्ये, कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार शास्त्रज्ञांनी एक नियम मांडला होता : कीड दिसली म्हणून फवारू नये, ती इतकी वाढत असेल की होणारे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा मोठे ठरेल, तेव्हाच फवारावे, आणि तेही मित्रकीटकांना सांभाळून. आज कृषी अधिकारी 'आर्थिक नुकसानीची पातळी' आणि 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' हे जे शब्द वापरतात त्यांचा उगम येथे आहे. बहुतेक वेळा ते शब्द पत्रकावर छापलेलेच राहतात, हा भाग वेगळा.

आता आपल्या काळ्या माशीकडे येऊ. १९१३ च्या सुमारास ही माशी आशियातून वेस्ट इंडीजमधील जमैकात पोहोचली आणि तेथून क्युबात शिरली. क्युबात १९३० मध्ये मलायातून आणलेल्या एका परजीवी माशीने तिला आवर घातला. पुढे १९३५ मध्ये ती मेक्सिकोत आढळली. मलायाची परजीवी माशी मेक्सिकोच्या हवेत पुरेशी टिकली नाही, तेव्हा १९४९-५० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ भारतात आणि नुकत्याच निर्माण झालेल्या पाकिस्तानात आले. येथील लिंबूवर्गीय झाडांवरून त्यांनी काळ्या माशीचे शत्रू गोळा केले आणि विमानाने मेक्सिकोला पाठवले. त्यांतील ॲमिटस आणि एनकार्शिया या दोन परजीवी माश्यांनी मेक्सिकोच्या बागा वाचवल्या. या माश्या गांधीलमाशीच्या कुळातल्या, पण एक मिलिमीटरहूनही लहान. माणसाला त्या चावत नाहीत, दिसतही नाहीत. काळ्या माशीच्या पिल्लाच्या अंगात त्या अंडे घालतात आणि त्यांची अळी ते पिल्लू आतून खाऊन टाकते. ॲमिटसचे काम कीड उदंड असते तेव्हा जोरात चालते. कीड विरळ झाली की तिला आवरून धरण्याचे काम एनकार्शिया करते. १९७६ मध्ये फ्लोरिडात काळी माशी आढळल्यावर तेथेही याच माश्या सोडण्यात आल्या.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. मेक्सिकोला ज्यांनी वाचवले ते रक्षक मुळात आपल्या मातीतले. रंगाऱ्याने भिंत रंगवावी तसे आपल्या वसतिगृहामागचे प्रत्येक पान विषाने धुताना आम्ही त्यांनाच मारले होते.

सायला या किडीबाबतही हेच घडले. ही कीड कोवळ्या नवतीवर बसते, आणि ग्रीनिंग नावाचा रोग झाडाझाडांत पसरवते. तिच्या पिल्लांवर जगणाऱ्या टॅमारिक्सिया या परजीवी माशीचे शास्त्रीय वर्णन वॉटरस्टन यांनी १९२२ मध्ये केले, ते पंजाबातील लायलपूरच्या नमुन्यांवरून. ती भारतातून १९७८ मध्ये रीयुनियन बेटावर नेली गेली. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने ती पंजाबातूनच, आताच्या पाकिस्तानातील फैसलाबाद परिसरातून, नेली. फैसलाबाद म्हणजे तेच जुने लायलपूर.

फवारणीने शत्रू का वाढतो, हे अनेक पालकांना पटत नाही. ''विष दोघांनाही मारते, मग मित्रच कमी का होतात?'' असे आम्हांस विचारले गेले आहे. प्रश्न रास्त आहे. काळ्या माशीचे पिल्लू पानाच्या खालच्या बाजूस, काटेरी कवचाखाली, एका जागी चिकटून असते. पाठीवरच्या पंपाचा फवारा बहुधा वरून पडतो; खालच्या बाजूस तो अपुरा पोहोचतो. याउलट ढालकिडा, परजीवी माशी, कोळी हे दिवसभर पानावर वर-खाली हिंडत असतात, त्यामुळे वाळलेल्या औषधाचा थर त्यांच्या पायांना, तोंडाला अधिक लागतो. दुसरे कारण अन्नाचे. फवारणीनंतर वाचलेल्या शत्रूला खायला पुढची कोवळी नवती तयार असते. वाचलेल्या मित्राला मात्र खायला शत्रूच उरलेला नसतो. तो उपाशी मरतो किंवा उडून जातो, आणि परत येईपर्यंत कीड पुन्हा भरभरून वाढलेली असते. मग दुसरी फवारणी होते, मग तिसरी. त्यांतून ज्या किडींची पूर्वी कोणी दखलही घेत नव्हते त्या, विशेषतः झाडावरील लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण, डोके वर काढतात. त्यांच्यासाठी आणखी एक डबा येतो.

येथे भाषेबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण या द्रव्याला 'औषध' म्हणतो. 'औषध मारले', 'औषध आणा', 'औषध लागले'. जे द्रव्य पिऊन आपल्याच जिल्ह्यांत कितीतरी शेतकऱ्यांनी जीव दिला, त्याला औषध म्हणणारी आपली बोली दुकानदाराला फार सोयीची आहे. आपल्या शाळेत आता 'विष' हाच शब्द वापरावा असा आमचा आग्रह असतो. मुलांना तो शब्द ऐकला की हात धुवावेसे वाटतात, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

त्या श्रावणानंतर शाळेने काय केले ते आता सांगतो. आम्ही कीटकशास्त्रज्ञ नाही, आणि साठ झाडे म्हणजे जेमतेम अर्धा एकर. त्यामुळे येथे लिहिलेले प्रत्येक बागेस जसेच्या तसे लागू होईल असे आम्ही म्हणत नाही.

पहिले काम पान उलटून पाहण्याचे केले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील दहा भिंगे बागेत नेली. दर शनिवारी नववीची मुले ठरावीक झाडांच्या चारही दिशांची पाने पाहतात आणि वहीत नोंद करतात. त्यांना काय पाहावे हे शिकवताना आम्हीही शिकलो. काळ्या माशीचे पिल्लू वाढून त्यातून माशी उडाली की रिकाम्या कवचावर रोमन 'टी' अक्षरासारखी चीर राहते. परजीवी माशी बाहेर पडली असेल तर कवचावर गोल, स्वच्छ छिद्र असते, सुईने पाडल्यासारखे. टी दिसला तर शत्रू सुटला, गोल दिसले तर मित्र निघाला. एवढी एक खूण कळली तरी अर्धी बाग वाचता येते. जो फरक दुकानदाराला ठाऊक नव्हता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हांलाही नव्हता, तो नववीच्या मुलांनी दोन शनिवारांत आत्मसात केला.

मित्रांची ओळख पटवणे कठीण गेले. ढालकिड्याचा भुंगा सर्वांना आवडतो. मुले त्याला तळहातावर चालवतात. पण त्याची अळी करडी, काटेरी, लहानशा मगरीसारखी दिसते, आणि तीच भुंग्यापेक्षा अधिक खादाड असते. अनेक बागांत ही अळी कीड समजून चिरडली जाते. क्रायसोपा नावाची हिरवी, जाळीदार पंखांची माशी पानावर केसासारख्या दांड्यांच्या टोकाला पांढरी अंडी घालते. ती पाहून एका मुलाने 'सर, पानाला बुरशी आली' असे सांगितले होते. प्रार्थना कीटक, ज्याला आपल्याकडे खंडोबाचा किडा म्हणतात, आणि झाडांवरील जाळी विणणारे कोळी यांना मारू नये, एवढे तर लहानग्यांनाही सांगता येते. मुंगळ्यांबद्दल मात्र आमचे मत बदलले. पूर्वी आम्ही त्यांना निरुपद्रवी समजत होतो. मुंग्या त्या गोड द्रवाच्या लोभाने रसशोषक किडींचे रक्षण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावून लावतात. म्हणून ज्या झाडावर मुंग्यांची रांग चढते त्याच्या बुंध्याला चिकट पट्टी बांधतो, आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटतो, नाहीतर मुंग्या तो पूल वापरतात.

दुसरे काम बागेच्या व्यवस्थेचे. दाट, काळोख्या बागेत काळी माशी सुखाने राहते. बहर संपल्यावर वाळलेली सल काढणे, खोडावरून सरळ उभे वाढणारे पाणसोट कापणे, पाणी साचू न देणे आणि युरिया बेताने देणे, ही कामे आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत होती. भरमसाठ युरियाने नवती लुसलुशीत होते, आणि लुसलुशीत नवती म्हणजे काळ्या माशीला आणि सायलाला आमंत्रण. रस्त्याकडच्या ओळीतील झाडांवर धूळ बसते, आणि धुळीने माखलेल्या पानावर परजीवी माशी नीट फिरू शकत नाही. म्हणून ती ओळ उन्हाळ्यात दोनदा साध्या पाण्याने धुतो.

विष पूर्ण बंद केले का? नाही. येथे आम्हांस हल्लीच्या एका प्रवाहाशी मतभेद नोंदवावासा वाटतो. 'विषमुक्त' असा फलक लावून, कोणत्याही पडताळणीशिवाय, मडक्यात आंबवलेले काहीबाही फवारण्याचा जो उत्साह दिसतो तो आम्हांस पटत नाही. सायला वाढला आणि ग्रीनिंग पसरला तर झाडे वाळतात, आणि वाळलेले झाड मंत्राने हिरवे होत नाही. आम्ही एवढेच केले, की वहीतील नोंदीवाचून फवारणी करायची नाही. गोल छिद्रे वाढत असतील तर थांबायचे. पिल्ले वाढत असतील आणि छिद्रे टीच असतील, तर फक्त त्याच झाडांवर, अंडी फुटण्याच्या सुमारास, पानाच्या खालच्या बाजूने, निंबोळीचा अर्क मारायचा. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, त्यात दोनशे ग्रॅम साबण मिसळून शंभर लिटर करायचे. हा पाच टक्के अर्क. निंबोळ्या पावसाच्या तोंडाला मुलेच वेचतात. हा अर्कही मित्रकीटकांना अगदीच निरुपद्रवी नाही, म्हणून सायंकाळी मारतो, आणि झाड फुलावर असताना मधमाश्यांसाठी काहीच मारत नाही. गेल्या चार वर्षांत एकदाच, सायला नवतीवर फार वाढला तेव्हा, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतील रासायनिक कीटकनाशक अकरा झाडांपुरते वापरावे लागले. तेव्हा डब्यावरचा त्रिकोण त्याच मुलाने सर्वांना वाचून दाखवला.

तो त्रिकोण प्रत्येक घरात ठाऊक असावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. ही खूण कायद्याने आली, आणि त्या कायद्यालाही इतिहास आहे. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रास राज्यांत पॅराथिऑन हे कीटकनाशक पिठात मिसळले जाऊन शंभरावर माणसे दगावली. चौकशी आयोग बसला, आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. पण कायदा डब्यावर छापला गेला तरी पंप ज्याच्या पाठीवर आहे त्याला तो वाचून कोण दाखवणार? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण मृत्यू पावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता असे सांगितले गेले. संत्र्याच्या बागेत तर तो नेहमीच डोक्याच्या वर मारावा लागतो. खाली ठिबकणारा प्रत्येक थेंब मजुराच्या डोक्यावर, मानेवर, उघड्या पायांवर येतो. बाग कोणाची आणि पाठ कोणाची, हे आपल्या गावांत विचारण्याची गरज नसते. भूमिहीनांच्या वस्तीतली माणसे हे काम करतात कारण त्याचा रोज इतर कामांपेक्षा जास्त असतो.

आमच्या सर्व योजनेत याच ठिकाणी मोठी अडचण उभी राहिली. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना आम्ही मोठ्या समाधानाने सांगितले की शाळा आता फवारणी फार कमी करणार आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ''चांगलं हाय सर. पन फवारनी बंद झाली तं आमचा रोज बुडते नं.'' आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या छातीतले विष आम्ही कमी करीत होतो आणि त्यांच्या ताटातली भाकरीही. व्यवस्थापनाच्या पुढच्या सभेत आम्ही हिशेब मांडला. कीटकनाशकांवर आधी जो खर्च होत होता तो पाहिला, तर त्यातून पाणसोट काढणे, सल छाटणे, बुंध्याच्या पट्ट्या बांधणे आणि पाने तपासणे या कामांची मजुरी सहज निघत होती. म्हणून ही कामे फवारणीच्याच दराने त्यांना दिली. सभेत एक सदस्य म्हणाले की पाने पाहण्याचे कोण पैसे देतो? आम्ही म्हणालो, डॉक्टरला तपासण्याचेच देतो. ठराव मंजूर झाला, एक मत विरोधात पडले.

फळांचा हिशेबही सांगायला हवा. पहिल्या वर्षी फळे मळकट निघाली आणि बागेची बोली करणाऱ्या व्यापाऱ्याने भाव पाडला. आमच्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. आम्ही फार उशिरा छाटणी केली होती. दुसऱ्या वर्षी काळेपणा निम्म्याहून कमी झाला. तिसऱ्या वर्षापासून वहीत गोल छिद्रे टी-चिरांपेक्षा जास्त दिसू लागली, आणि आता दोन वर्षे कोळशीसाठी एकही फवारणी करावी लागलेली नाही. उत्तरेकडच्या बांधालगतची झाडे अजून पिछाडीवर आहेत, कारण पलीकडच्या बागेत दर पंधरवड्याला पंप फिरतो आणि वारा इकडे असतो. त्या बागवानांशी या वर्षीचा माल गेल्यावर बोलायचे ठरले आहे. बहर झाडावर असताना हा विषय काढू नये, असा सल्ला त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी दिला आहे, आणि बागेच्या बाबतीत आता आम्ही त्यांचा सल्ला मानतो.

तो विद्यार्थी सध्या कृषी पदविकेला आहे. सुट्टीत येतो तेव्हा आधी बागेत जातो, मग आम्हांस भेटतो.

ज्या माजी विद्यार्थ्यांची वा पालकांची स्वतःची बाग आहे, किंवा जे दुसऱ्याच्या बागेत कामास जातात, त्यांनी स्नेहसंमेलनाला येताना आपल्या झाडांची दहा-बारा काळी पाने आणावीत. नववीची मुले भिंग घेऊन प्रयोगशाळेत बसलेली असतील. पाने आदल्या सायंकाळी तोडून कागदी पिशवीत ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजतात, आणि कवचातून बाहेर पडणाऱ्या परजीवी माश्या त्या पाण्यात बुडून मरतात.